आधी दाह, मग वाट

सुरतेच्या पूर्वेस गोडादरा हा भाग आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे तेथे नांदत आहेत. अशा घरातील पंचविशीच्या सुनेला जिना चढताना छाती दाटून आल्यासारखे वाटू लागले, तर वडीलधारी माणसे म्हणतात, ‘पित्त असेल, या वयात हृदयविकार कुठला?’ हा तर्क बहुधा खरा ठरतो. परंतु चुकला तर जिवावर बेततो.

१९०८ साली जपानमधील नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांची विलक्षण रचना वर्णिली. त्यांच्याच नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या रोगात शरीराची संरक्षक शक्ती महारोहिणी व तिच्या शाखांवर उलटते. भिंती सुजून जाड होतात आणि आतील वाट अरुंद होते. कित्येकदा मनगटावरची नाडीच लागत नाही. हा रोग भारतातही आढळतो आणि बहुतांशी तरुण स्त्रियांना गाठतो. काही रुग्णांत हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या उगमापाशीच आवळल्या जातात.

उतारवयातील हृदयविकारात सामान्यतः चरबीचे थर वाट अडवितात. येथे अडविणारा आहे तो दाह. तो धुमसत असता बसविलेला स्टेंट पुन्हा बुजण्याचा धोका मोठा असतो. म्हणून शक्य तेथे प्रथम स्टेरॉइड व मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी दाह शमवितात आणि नंतर स्टेंट वा बायपासचा विचार करतात. बायपाससाठी एरवी छातीतील रोहिणी वापरतात; पण ती ज्या मोठ्या शाखेतून निघते, तीच येथे रोगग्रस्त असू शकते. अशा वेळी पायातील शीर उपयोगी पडते. अर्थात हृदयविकाराचा झटकाच आला, तर वाट पाहण्यास सवड नसते. तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे.

खरी कसोटी त्यानंतर लागते. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, बरे वाटू लागते, औषधांचा खर्च डोळ्यांत सलतो, आणि गोळ्या परस्पर बंद होतात. असे एकाएकी थांबविणे स्वतःच घातक ठरू शकते. शिवाय निवलेला दाह पुन्हा भडकतो. मात्रा कमी करावी ती वैद्याच्या सल्ल्यानेच.

तरुण स्त्रीने छातीतील कळ, हातातील थकवा किंवा रेंगाळणारा ताप सांगितला, तर दोन्ही हातांची नाडी व रक्तदाब अवश्य तपासून घ्यावा. दोहोंत मोठी तफावत आढळल्यास पुढील तपासणी टाळू नये. या साध्या तपासणीस काही क्षण पुरतात. तेवढ्याने एखाद्या घरची सून वेळीच वाचू शकते.