काट्याचा दृक्प्रत्यय

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नारायण पेठेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची व्याख्याने झाली. मी मोटारींची मापके दुरुस्त करणारा एक कारागीर. माझ्या हातून घडलेली एक चूक व तिने दिलेला धडा, एवढेच मी आपणांपुढे ठेवणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी आपल्या वडिलांची सहा सिलिंडरांची जुनी पेट्रोल पिकअप माझ्याकडे आणली. इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते दाखविणारा, कारखान्यानेच बसविलेला टॅकोमीटर तीत होता. परंतु काटा निश्चल. मी तो हलता केला, इंजिनाच्या आवाजावरून अंदाजाने जुळविला आणि ‘बरोबर आहे’ असे सांगून मोकळा झालो. महिन्याभरात खंबाटकीच्या घाटात भरल्या गाडीच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जळाले. मागाहून तपासले, तो १००० फेऱ्यांना काटा ८०० दाखवी. म्हणजे घाटात ३२०० दिसत असता इंजिन ४००० फेरे घेत होते. गृहस्थ रागावले नाहीत. “तुमच्या काट्यावर विश्वास ठेवला,” एवढेच म्हणाले. ते शब्द मला अजून टोचतात.

या जातीच्या मापकात प्रत्येक ठिणगीसरशी एक कपॅसिटर ठराविक विद्युत्‌भार पुढे ढकलतो व त्या प्रवाहाच्या सरासरीवर काटा चढतो. कपॅसिटर म्हातारा होऊन त्याची धारणशक्ती घटली की काटा कमी दाखवू लागतो. आत एक फिरता रोध असतो; त्याने काटा वरखाली करता येतो. परंतु कोठवर करावयाचा? तेथे बाहेरचे प्रमाण हवे.

ते प्रमाण आपल्या घरोघरी आहे. चार टप्प्यांच्या सहा सिलिंडरी इंजिनात एका फेऱ्यास तीन ठिणग्या पडतात. १००० फेऱ्यांना मिनिटास ३०००, म्हणजे सेकंदास ५०. आपल्या घरच्या विजेची आवर्तनेही सेकंदास ५०च! आज ती ४९.९० ते ५०.०५ या मर्यादेत राखण्याचा नियम आहे. इतकी अचूकता कोणत्या काट्यास साधणार? म्हणून मी प्रथम मापक टेबलावर घेऊन ट्रान्सफॉर्मरने दाब उतरविलेल्या विजेच्या स्पंदांवर काटा १०००वर आणतो.

नंतर गाडीत पडताळा. जुन्या, चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदास १०० वेळा कमीअधिक होतो. क्रँकच्या पुलीवर चुन्याचा एकच ठिपका द्यावा आणि अंधारात, केवळ त्या उजेडात, इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. ७५० फेऱ्यांना आठ ठिपके स्थिर दिसतात, १०००ला सहा, १५००ला चार. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीचा वेग याच युक्तीने तपासला जाई. नव्या एलईडी दिव्यांपैकी अनेकांचा उजेड असा लवलवत नाही. त्यांवर विसंबू नये. आणि तरुणांस एक कळकळीचे सांगणे: या उजेडात फिरता पंखाही थांबल्यासारखा भासतो. तेथे बोट गेले तर गेलेच. हात, धोतर, ओढणी दूर ठेवावी.

येथून जवळच केसरीवाडा आहे. गणिताने आलेला ग्रह आकाशात त्या जागी दिसत नसेल, तर दोष आकाशाचा नव्हे, गणिताचा, हे जाणून लोकमान्यांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला. १९०४ साली मुंबईस त्यासाठी परिषदही भरली. यालाच आपले ज्योतिषी दृक्प्रत्यय म्हणतात. मी कारागीर असून तो विसरलो. काटा सुंदर होता, कारखान्याचा होता, मालकाच्या वडिलांच्या आठवणीचा होता. पण खरा नव्हता.

त्या गाडीचे बेअरिंग मी पदरच्या पैशाने घालून दिले, आणि तेव्हापासून पडताळ्याचे आकडे कागदावर लिहून मालकाच्या हाती दिल्याखेरीज गाडी सोडीत नाही.

जाता जाता एक विनंती. मंडळाचा विद्यार्थी-निधी पदवीधरांस मिळतो, ते उत्तमच आहे. त्यातील एखादी रक्कम हाताने काम शिकणाऱ्या मुलास वा मुलीसही मिळावी. असा कोणी असल्यास माझे टेबल, ट्रान्सफॉर्मर आणि झालेली चूक, तिन्ही त्याला शिकविण्यास मी सिद्ध आहे.