मोटारसायकलचा विमा : भरपाई कुणाला, किती?



उसाचा हंगाम सुरू झाला की माजलगावच्या चारही वाटांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं बुजलेला असतो. अंधारात मोटारसायकल मागून धडकली की घरचे विचारतात, ‘‘गाडीचा विमा होता ना?’’ खरं तर विचारायला हवं, की कोणता विमा होता?

आपल्याकडं बहुतेकांच्या खिशात असतो तो थर्ड पार्टी विमा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं तो सक्तीचा आहे. नसला तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हा विमा आपल्या गाडीमुळं दुसऱ्याला झालेल्या इजेचा. न्यायाधिकरण त्या माणसाला जी भरपाई ठरवेल, ती कंपनी भरते. विमाच नसेल तर ती रक्कम मालकावर, म्हणजे पर्यायानं त्याच्या घरादारावर येते. पण आपला मोडलेला पाय किंवा गाडीचा चेपलेला पत्रा यात बसत नाही. इतकंच काय, नुसत्या थर्ड पार्टीत मागं डबलसीट बसलेल्या माणसाची जबाबदारीही कंपनीवर येत नाही. तसा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. फुल इन्शुरन्समध्ये मात्र ती येते. बायकोला किंवा आईला मागं बसवून नेणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

आता खर्चाचं बघू. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो माजलगावात आणि मुंबईत सारखाच. १ जून २०२२ ला लागू झालेल्या दरांप्रमाणं ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे सव्वाशे सीसीच्या गाडीला साधारण ८४३ रुपये.

फुल इन्शुरन्समध्ये अपघात, चोरी, आग, पूर यांत आपल्या गाडीचं झालेलं नुकसानही धरलं जातं. त्याचा हप्ता गाडीच्या ठरवलेल्या किमतीवर, म्हणजे आयडीव्हीवर असतो. दोन ते तीन वर्षं जुन्या गाडीच्या किमतीतून ३० टक्के घसारा वजा होतो. लाखाची गाडी चोरीला गेली तर साधारण सत्तर हजार मिळतात. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढू नका, नुकसान आपलंच. वर्षभर क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षी नो क्लेम बोनसची २० टक्के सूट मिळते, ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की ही सूट गेली.

नवी गाडी घेताना शोरूममध्ये ‘पाच वर्षांचा विमा’ म्हणतात. ती पाच वर्षं बहुधा फक्त थर्ड पार्टीची असतात; गाडीच्या नुकसानीचा भाग वर्षभरात संपतो आणि आपल्या ध्यानातही येत नाही.

मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो. तो आरसी बुकावर नाव असलेल्या, लायसन असलेल्या मालकासाठीच. आपल्याकडं गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा. अशा घरात मुलगा गेला तर त्या १५ लाखांतलं काही मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्या. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आरसी आणि विमा दोन्ही लगेच आपल्या नावावर करून घ्या.

अपघात झाला तर कंपनीला ताबडतोब कळवा, फोटो काढा, सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत गाडी खोलू देऊ नका. चोरी झाली तर आधी पोलिसांत फिर्याद द्या. गाडीच्या दोन्ही चाव्या जपून ठेवा, कंपनी त्या मागते. कंपनीनं तक्रार ऐकली नाही तर आपल्या भागासाठी पुण्याचे विमा लोकपाल आहेत. तिथं फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर पॉलिसीचा कागद काढा आणि चार गोष्टी वाचा : नाव कुणाचं, प्रकार कोणता, आयडीव्ही किती आणि मुदत कधी संपते. यातलं एक जरी उत्तर पटलं नाही, तर एजंटाला उद्याच फोन करा.