कागदावरचा एक शब्द
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बोलावयाचे म्हणजे स्त्रीशिक्षण, गृहोद्योग किंवा बालसंगोपन यांपैकी काहीतरी बोलावे असा रिवाज आहे. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, मी पलटणीच्या कागदावर बोलणार. त्यांना वाटले, बाई थट्टा करीत आहेत. पण लातूरचे माहेर आणि नांदेडचे सासर अशी माझी हयात मराठवाड्यातच गेली, आणि तीस वर्षे शाळेत शिकवताना आईबापांची पत्रे वाचून देणे हे माझे दुसरे कामच होऊन बसले. त्या कामात हा विषय माझ्यापुढे आला. आपल्यापैकी कित्येक घरांतून मुलगे भरतीला गेले आहेत, जात आहेत. ते परत येतात तेव्हा त्यांच्याबरोबर एक कागद येतो. त्या कागदावरचा एक शब्द सबंध घराचे पुढले आयुष्य ठरवतो. तो शब्द घरातल्या बाईने बहुधा कधी वाचलेला नसतो.

आपल्या मंडळातल्याच एका वहिनींची हकीकत सांगते. त्या येथेच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगत आहे, नाव मात्र घेत नाही. सासर लोहा तालुक्यातले, कोरडवाहू सहा एकर. यजमान एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेले. बारा वर्षे आणि काही महिने नोकरी झाली, आणि एके दिवशी ट्रंक घेऊन घरी आले. विचारले तर म्हणाले, नाव कापून आलो. बस्स, पुढे काही नाही. गावात कोणी म्हणाले, पळून आला. कोणी म्हणाले, साहेबावर हात टाकला. थोरल्या मुलीचे जमत आलेले लग्न त्या बोलण्यापायी मोडले. असे आठ वर्षे चालले. मग एका हळदीकुंकवाच्या दिवशी वहिनी पदराखालून लिफाफा काढून मला म्हणाल्या, “बाई, जरा वाचून सांगा. ह्यांनी गुन्हा काय केलाय ते तरी मला कळू द्या.”

कागदावर गुन्हा लिहिलेलाच नव्हता! तेथे लिहिले होते : ‘सेवामुक्त, सेवेची आवश्यकता नाही.’ पाठीमागे लाल शाईच्या चार शेऱ्यांचा उल्लेख. त्यांपैकी तीन रजा संपून उशिरा हजर झाल्याबद्दल. एकदा आईचे आजारपण होते, एकदा पेरणीला माणूस नव्हते, आणि तिसऱ्याचे कारण भाऊंना स्वतःलाच धड आठवत नाही. चौथा शेरा दारूबद्दल. तो मी लपवीत नाही, कारण वहिनींनीही लपवला नाही.

आता येथे दोन शब्द नीट ध्यानात घ्या. ‘बडतर्फ’ आणि ‘सेवामुक्त’. आपण बोलताना दोन्हींना ‘काढून टाकले’ म्हणतो, परंतु सरकारदरबारी त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. लष्कराच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन नियमांत असे होते की, बडतर्फ झालेल्याला मागल्या सगळ्या नोकरीबद्दल पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. अपवाद म्हणून राष्ट्रपतींनी मनावर घेतले तरच काही मिळावयाचे. उलट, सेवामुक्त झालेल्याचा हक्क शाबूत राहतो. मात्र शिपायाला पेन्शनीसाठी साधारण पंधरा वर्षांची नोकरी भरावी लागते. म्हणजे चौदा वर्षे ऊनपाऊस खाल्लेला बडतर्फ माणूस रिकाम्या हाताने येतो, आणि वहिनींच्या यजमानांसारखा बारा वर्षांचा सेवामुक्त माणूस थोडी ग्रॅच्युइटी घेऊन येतो, पेन्शन नाहीच. पुढे त्याच्या मागे त्याच्या बायकोला कुटुंबवेतन मिळावयाचे की नाही, हेही बहुतांशी याच कागदावर लटकलेले असते. तेव्हा हा पुरुषांचा मामला आहे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणू नये.

आणखी एक गोष्ट मला वाचताना आढळली आणि फार आवडली. १९५० च्या आर्मी ॲक्टचे तेविसावे कलम असे सांगते की, फौजेतून बडतर्फ केलेल्या, कमी केलेल्या वा सेवामुक्त झालेल्या प्रत्येक शिपायाला त्याच्या कमांडिंग ऑफिसरने दाखला दिला पाहिजे, आणि तो इंग्रजीत तर हवाच, पण त्या शिपायाच्या मातृभाषेतही हवा. नोकरी कोणी संपवली, कशासाठी संपवली, आणि एकूण किती नोकरी झाली, या तीन गोष्टी त्यात पाहिजेत. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शिपाई होता आणि त्याचे घरही होते, असे मला वाटते. नाहीतर मातृभाषा कशाला घातली असती? आपल्या घरच्या कागदावर मराठी मजकूर आहे का, हे प्रत्येकीने घरी जाऊन पाहावे.

आता लाल शाईचे चार शेरे झाले की माणूस घरी, असा समज पलटणीत पक्का आहे. तो समज बरोबर नाही. सैन्याच्या मुख्यालयाचेच डिसेंबर १९८८ चे एक पत्रक आहे. त्यात म्हटले आहे की, अशा माणसाला काढण्यापूर्वी प्राथमिक चौकशी व्हावी, त्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे, आणि त्याची नोकरी किती झाली, तो कोणकोणत्या कठीण ठाण्यांवर राहिला, हेही तोलून पाहावे. वीरेंद्रकुमार दुबे नावाच्या शिपायाने हाच मुद्दा धरला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. चार शेरे मोजले आणि नाव कापले, इतक्याने भागत नाही, असे न्यायालयाने ठरवले. न्यायालयाने त्यांना पुन्हा बंदूक हाती दिली नाही, मागचा पगारही दिला नाही, पण पेन्शनीची मुदत भरेपर्यंत ते नोकरीतच होते असे धरावयास लावले. मला हा न्याय मोठा समंजस वाटतो. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ मध्ये सत्गुर सिंग यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने सेवामुक्ती कायम केली, कारण तेथे अधिकाऱ्यांनी विचार करून निर्णय घेतला होता असे दिसले. म्हणजे हा जादूचा मंत्र नव्हे. चौकशी झाली होती की नाही, नोटीस मिळाली होती की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

रणजित ठाकूर यांचे प्रकरण तर एखाद्या नाटकात शोभेल असे आहे. हे सिग्नलमन. वरिष्ठाविरुद्ध परस्पर वर तक्रार केली म्हणून अठ्ठावीस दिवसांची शिक्षा भोगीत होते. त्यात जेवावयास सांगितले ते जेवले नाहीत. न जेवण्याबद्दल त्यांच्यावर लष्करी खटला झाला, एक वर्षाची कैद झाली आणि वर बडतर्फी. खटला चालवणाऱ्यांत बसले कोण? ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती तेच अधिकारी! १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. फिर्यादी आणि पंच एकच असेल तर तो न्याय नव्हे, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मापाची पाहिजे, असे सांगितले. घरात रुसून न जेवणारे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्याबद्दल कोणाची भाकरी जन्मभर तोडावी काय?

आपल्या बायकांच्या दृष्टीने आणखी जवळची हकीकत सेलिना जॉन यांची आहे. त्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होत्या आणि सिकंदराबादला नेमणुकीस होत्या. नांदेडहून रात्रीच्या गाडीने आपण जातो तेच सिकंदराबाद. त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि १९८८ मध्ये त्यांना नोकरीतून मुक्त करण्यात आले. कारण लग्न! १९७७ चा तसा हुकूमच होता, आणि तो फक्त बायकांना लागू होता. नवऱ्याची नोकरी लग्नाने जात नाही, बायकोची जाते. तो हुकूम १९९५ मध्ये मागे घेतला गेला, पण सेलिनाबाईंचे काय? लष्करी न्यायाधिकरणाच्या लखनौ पीठाने २०१६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेले. शेवटी १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघडउघड मनमानी असल्याचे सांगून साठ लाख रुपये भरपाई आठ आठवड्यांत देण्याचा हुकूम केला. छत्तीस वर्षे लागली. साठ लाख ऐकून आपले डोळे विस्फारतात, पण छत्तीस वर्षांचा पगार, बढत्या आणि मान यांचा हिशेब मांडून पाहा.

परदेशातही हे आहेच. अमेरिकेत तर सेवामुक्तीच्या दाखल्याच्या पाच पायऱ्या आहेत, सन्मानपूर्वकपासून अप्रतिष्ठेपर्यंत, आणि खालची पायरी वर चढवून घेण्यासाठी स्वतंत्र मंडळे आहेत. तेथे १९०६ साली टेक्सासातल्या ब्राउन्सव्हिल गावी रात्री गोळीबार झाला. संशय काळ्या शिपायांवर घेतला, खटला चालवलाच नाही, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १६७ जणांना एकदम मानाशिवाय काढून टाकले. १९७२ मध्ये लष्कराने कबूल केले की ते चुकले, आणि सगळ्यांचे दाखले सन्मानपूर्वक करून दिले. तोवर बहुतेक सगळे वारले होते. डॉर्सी विलिस नावाचे एक म्हातारे गृहस्थ उरले होते. त्यांनी हयातभर केशकर्तनालयात लोकांचे बूट पुसले होते. त्यांना पंचवीस हजार डॉलर मिळाले. 

आपल्याकडे १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईला ‘तलवार’ या नौदलाच्या ठाण्यावरून नाविकांनी बंड केले. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानाची भाषा हे निमित्त. शेकडो नाविकांना काढून टाकण्यात आले, आणि स्वराज्य आल्यावरही त्यांना परत घेतले नाही. पुढे १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांची केंद्रीय पेन्शन सुरू झाली, तीत या बंडाला स्थान मिळाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामामुळे ही पेन्शन आपल्या मराठवाड्यात घरोघर ठाऊक आहे. दाखले, साक्षी, तुरुंगाचे उतारे गोळा करताना आपल्या सासऱ्यांची काय दमछाक झाली, हे आपल्यापैकी काहींनी डोळ्यांनी पाहिले आहे. कागदासाठी भांडणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही.

आता कामाचे बोलते. पहिले म्हणजे, कागद शोधावा. नसेल तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे नक्कल मागावी : तोफखान्याचे नाशिकरोडला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. २००५ च्या माहिती अधिकारातही आपल्या नोकरीचे कागद मागता येतात. चौकशीचे कागद आणि नोटिशीची नक्कल मुद्दाम मागावी, कारण पुष्कळदा तीच सापडत नाही, आणि न सापडणे हेच मग आपल्या बाजूचे होते. नांदेडला आणि लातूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथे जाताना एकट्याने जाऊ नये, कोणी लिहिता-वाचता येणारे बरोबर घ्यावे. आधी वरिष्ठांकडे अर्ज करावयाचा असतो. त्यावर उत्तर आले नाही किंवा नकार आला तर लष्करी न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ चा, काम २००९ पासून सुरू झाले, आणि महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ मुंबईला आहे. मुदत सहा महिन्यांची. उशिराचे कारण पटले तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकते. पण ते कारण खरे आणि लिहून मांडलेले पाहिजे. ‘लाज वाटली म्हणून गेलो नाही’ हे खरे असले तरी पुरत नाही. वकिलाचा खर्च नको असेल तर ध्यानात ठेवा, १९८७ च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता फुकट कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयात त्यासाठी कचेरी आहे.

ज्यांचे यजमान आजारपणामुळे घरी पाठवले गेले त्यांच्यासाठी निराळे सांगते. भरतीच्या वेळी आजार नोंदलेला नसेल तर माणूस धडधाकट घेतला होता असे समजावे, आणि आजार नोकरीमुळे झाला नाही हे सरकारने दाखवावे, असे धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात २०१३ मध्ये ठरले आहे. ‘नोकरीशी संबंध नाही’ एवढ्या एका ओळीवर विसंबून गप्प बसू नये.

वहिनींचा अर्ज गेला आहे. आठ वर्षांचा उशीर आहे, तेव्हा काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि कोणी खात्रीने सांगत असेल व त्यासाठी पैसे मागत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. भाऊ पहिल्यांदा रागावले. कागद गावभर नेला म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. मग अर्जात लिहावयाला तारखा हव्यात म्हणून वहिनींनी कोणत्या ठाण्यावर किती दिवस होते ते विचारले, तेव्हा ते बोलावयास लागले. बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे काढले होते, हे घरात त्या दिवशी प्रथम कळले. मुलीने वहीत उतरवून घेतले. दारूचा शेरा अर्जात लपवावयाचा नाही, असे त्यांनीच सांगितले.

गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत मी आणि चिटणीसबाई बसणार आहोत. ज्यांच्या घरी असा लिफाफा असेल त्यांनी तो घेऊन यावे. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये, आमच्याही नाही. झेरॉक्स काढून आणावी.