श्वासातल्या ऑक्सिजनचे पुढे काय होते?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



‘आपण ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनी याच शाळेत पाठ केले. वाक्य बरोबरच आहे. पण त्यावरून वाटते, की आत गेलेला ऑक्सिजन कार्बनला चिकटून बाहेर येतो. पेशीत तसे होत नाही. तिथे त्या ऑक्सिजनचे होते पाणी!

हिशेब सोपा आहे. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे 6 आणि ऑक्सिजनचेही 6 अणू असतात. त्यापासून कार्बन डायऑक्साइडचे 6 रेणू बनतात. त्यांना ऑक्सिजनचे 12 अणू लागतात. 6 ग्लुकोजमधले, उरलेले 6 पेशीतल्या पाण्यातले. श्वासातला ऑक्सिजन इथे लागतच नाही.

मग तो लागतो कुठे? स्लॅब टाकताना घमेली हातोहात देणारी माणसांची रांग आठवा. तंतुकणिकेत अन्नातले इलेक्ट्रॉन असेच पुढे सरकतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर एटीपी तयार होते. या रांगेतला शेवटचा हात ऑक्सिजनचा. त्याचा एक रेणू 4 इलेक्ट्रॉन आणि 4 हायड्रोजन आयन घेतो आणि पाण्याचे 2 रेणू बनतात. अन्नाच्या अशा ज्वलनातून शरीरात रोज साधारण पाव लिटर पाणी तयार होते. ते शरीरातल्या पाण्यात मिसळते. त्यातला एखादा अणू पुढे कार्बन डायऑक्साइडमधूनही बाहेर पडतो, पण आधी पाणी होऊन!

शेवटच्या माणसाने घमेले घेतले नाही, तर पहिल्यापर्यंत सगळे खोळंबतात. सायनाइड नेमका हाच शेवटचा टप्पा अडवते. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही. ऑक्सिजन पोचलाच नाही, तर मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. 2021 मध्ये आपल्या माणसांसाठी रात्री-अपरात्री सिलिंडर शोधत आपण धावलो, ते या शेवटच्या हातासाठी. आज इथे नसलेल्या मित्रांची आठवण त्यामुळेच अधिक जड वाटते.

आपल्या शिक्षकांनी पाया पक्का करून घेतला, म्हणून आज त्यावर आणखी एक वीट ठेवता येते. नातवंडे ते जुने वाक्य म्हणतील, तेव्हा त्यांना जरूर विचारा, “आणि त्या ऑक्सिजनचे पुढे काय झाले?”