जोड्यांची वही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माइक हातात आला की इंग्रजीच्या तासाला उडायची तशीच माझी गाळण उडते. म्हणून विषयही त्याच तासातला घेतलाय : इंग्रजीत नामानंतर कोणतं प्रिपोझिशन लावायचं?

सर, तुम्ही आम्हाला त्यासाठी जोड्यांची वही करायला लावली होती. माझी वही मी शेजाऱ्याची बघून उतरवली होती. आज कबूल करतो.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याची फेड झाली. आमचं एक गिऱ्हाईक महिन्याला १००० खोकी माल घ्यायचं. त्यांना आता १५०० हवी होती. मद्रासच्या कारखान्याला इंग्रजीत पत्र मी लिहिलं. ‘इन्क्रीज टू १५००’ लिहायचं, तिथं लिहिलं ‘इन्क्रीज ऑफ १५००’. ‘टू’ म्हणजे १५०० पर्यंत वाढ, ‘ऑफ’ म्हणजे १५०० ची वाढ. खोकी आली २५००! जादा हजार खोकी गोदामात पडून राहिली, आणि त्यांच्याबरोबर माझी पगारवाढही.

त्या रात्री वही आठवली. चूक होते ती आपल्या मराठीच्या सवयीमुळे. आपला ‘चा-ची-चे’ सगळीकडे चालतो, म्हणून इंग्रजीत आपण ‘ऑफ’ लावून मोकळे होतो. पण प्रश्नाचं उत्तर ‘आन्सर टू’, दाराची किल्ली ‘की टू’, साखरेची मागणी ‘डिमांड फॉर’, संगीताची आवड ‘इंटरेस्ट इन’. अपघाताचं कारण ‘कॉज ऑफ’, पण रजेचं कारण ‘रीझन फॉर’. त्यातून क्रियापदाची तऱ्हा वेगळी. ‘आन्सर द क्वेश्चन’ म्हणताना मध्ये काही लागत नाही. तेच नाम झालं की ‘टू’ मागतं. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ नको, ‘डिस्कशन’ला चालतं.

हे सगळं एका नियमात बसत नाही. म्हणूनच सर, तुम्ही सांगायचात, ‘नाम एकटं पाठ करू नका, जोडीनं करा.’ मग मी नवी वही केली, कुणाचीही न बघता. रोजच्या पत्रांत भेटलेली एकेक जोडी लिहीत गेलो. निवृत्तीपर्यंत ती टेबलाच्या खणात होती.

आज ती सोबत आणली आहे. सर, चाळीस वर्षं उशीर झालाय, पण तपासून द्याल ना? उशिराचं ‘रीझन फॉर’ वर सांगितलंच आहे.