भूक मंदावते तेव्हा



मालवणच्या उत्तरेला अरबी समुद्र आणि कालावलची खाडी यांच्यामध्ये वाळूचा एक चिंचोळा पट्टा पसरलेला आहे. तोंडवली आणि तळाशील ही गावे या पट्ट्यावर वसली आहेत. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला गड नदीची खाडी, माडांची दाटी आणि किनाऱ्यावर रापणीची जाळी, असे येथील चित्र आहे. हे पाहणाऱ्याला अशा मुलखात अन्नाची वानवा असेल असे वाटत नाही. दारात माड आहे, समोर समुद्र आहे, मडक्यात उकडा तांदूळ आहे. तरीही या किनाऱ्यावर लेकुरवाळ्या घरात एक तक्रार हमखास कानी पडते : "पोराक भूकच लागणा नाय." आणि तिच्या मागोमाग मागणी येते ती बाटलीची. भूक लागेल, अंग धरेल, असे काही औषध लिहून द्या, अशी.

कुपोषण म्हटले की मेळघाट किंवा जव्हार-मोखाडा डोळ्यांपुढे येतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु अन्न घरात असूनही पोटात न जाणे हा त्याच दुखण्याचा दुसरा पदर आहे आणि तो सुस्थितीतल्या गावांतही आढळतो. तेथे तो लवकर ध्यानात येत नाही, कारण 'खातच नाही त्याला कोण काय करणार' या एका वाक्याने विषय संपविला जातो.

वस्तुतः भूक मंदावणे हा रोग नव्हे. ती एक खूण आहे. ताप आला, न्यूमोनिया झाला, क्षयाचा जंतू शरीरात शिरला, की रोगजंतूंशी झगडणारे शरीर स्वतःच भूक दाबून टाकते. जुलाबांत शरीरातले जस्त कमी होते आणि अन्नाची चव जाते. रक्तात लोह कमी पडले की मूल मलूल होते आणि घास फिरवीत बसते. आहार घटल्यामुळे वजन घटते, वजन घटल्यामुळे प्रतिकारशक्ती घटते, त्यामुळे पुन्हा आजार येतो आणि आजाराबरोबर भूक आणखी मंदावते. हे रहाट एकदा फिरू लागले की आईने कितीही विनवण्या केल्या तरी मूल तोंड मिटूनच घेते. दोष मुलाच्या हट्टाचा नसतो आणि आईच्या हाताचाही नसतो.

या खुणेला वैद्यकशास्त्राने किती महत्त्व दिले आहे ते पाहण्यासारखे आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ज्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो, ते मूल तीव्र कुपोषित समजले जाते. अशा मुलावर उपचार कोठे करावयाचे हे ठरविण्यापूर्वी भूक चाचणी घेतली जाते. मुलाला शांत जागी आईच्या मांडीवर बसवून ठराविक प्रमाणात पोषक खाद्य देतात आणि ते आपणहून किती खाते हे पाहतात. मुलाने ते आवडीने खाल्ले व अन्य आजार नसला, तर गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात, म्हणजे बहुधा अंगणवाडीतच, त्याची काळजी घेता येते. त्याने खाण्यास नकार दिला, तर त्याला रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवावे लागते, कारण अतिकृश मुलाला भूक नसणे हे आत काहीतरी गंभीर घडत असल्याचे लक्षण असते. एवढ्या मोलाची खूण बाटलीने झाकून टाकण्यात शहाणपण नाही.

रुग्णालयातही अशा मुलाला प्रथम भरपेट जेवू घालीत नाहीत. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बेताचे उष्मांक असलेले दूध थोडे थोडे दिले जाते. काही दिवसांनी सूज ओसरू लागते, मूल आपणहून वाटीकडे हात करते, आणि भूक परतली हे दिसल्यानंतरच आहार वाढविला जातो. त्यापूर्वी घाई केली तर ती जिवावर बेतू शकते. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळात उपाशी लोकांसाठी तयार झालेले एक मिश्रण १९४५ साली जर्मनीतील बेल्सन छळछावणीतून सुटलेल्या कैद्यांनाही देण्यात आले. पण ते त्यांना फार गोड लागले आणि अनेकांनी ते घेण्याचे नाकारले. उपाशी माणसालाही जिभेची सवय असते, हा त्यातला धडा आहे. मालवणच्या मुलाला आंबट-खारट रुचते, हे लक्षात घेतल्याखेरीज त्याच्यापुढे कितीही पौष्टिक पदार्थ ठेवला तरी तो तसाच परत येईल.

आता रोजच्या ताटाकडे वळू. एक वर्षाच्या, आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी सुमारे पाव लिटर अन्न मावते. त्याची दिवसाची गरज साधारणपणे साडेसहाशे ते सातशे उष्मांकांची असते आणि तिचा काही भाग आईच्या दुधातून भागतो. आता पातळ पेजेचा हिशेब करून पाहावा. वीस ग्रॅम तांदळाची पाव लिटर पेज केली तर तिच्यात सत्तरच्या आसपास उष्मांक येतात. पोट भरते, मूल मान फिरविते, आणि आईला वाटते की त्याला भूक नाही. मुलाची भूक त्या वेळी खरोखरच भागलेली असते. परंतु ती पाण्याने भागलेली असते.

पेज हे कोकणचे अन्न आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न तिच्या दाटपणाचा आहे. त्याच वाटीत चाळीस ग्रॅम तांदळाचा मऊ भात, थोडी मूगडाळ आणि एक चहाचा चमचा तेल किंवा तूप घातले, तर उष्मांक दोनशेच्या पुढे जातात. एका चमच्यातून चाळीस-पंचेचाळीस उष्मांक मिळतात, कारण स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमात नऊ उष्मांक असतात आणि धान्याच्या पिठुळ भागात व प्रथिनांत चार. नारळ तर दारातच आहे. परंतु वाटपाचे खोबरे मोठ्यांच्या सांबाऱ्यात जाते आणि लहानाच्या पेजेपर्यंत पोहोचत नाही. नारळाचा दाट रस मऊ भातात कालवून दिला तर मूल तो घेते. कुळथाची पिठी, चवळीची मऊ उसळ, काटे काढलेला बांगडा, धुऊन भाजलेल्या सुक्या जवळ्याची चिमूटभर पूड, हे सारे गावातलेच जिन्नस आहेत. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी दुर्मीळ होते, तेव्हा उन्हाळ्यात सुकवून ठेवलेला जवळा आणि कुळीथ यांचाच आधार असतो. जुलाब-तापाचे दिवसही तेच.

नाचणीविषयी थोडे विस्ताराने बोलणे अगत्याचे आहे. नाचणीचे साधे पीठ शिजविले की फुगते आणि दाट होते. लहान मुलाला ते गिळवत नाही, म्हणून आई पाणी वाढविते आणि पुन्हा पेजेचीच कथा होते. पण नाचणी भिजवून तिला मोड आणले, सावलीत वाळवून हलकी भाजली आणि दळली, तर त्या पिठात पिष्ट विरघळविणारे एक पाचक द्रव्य तयार झालेले असते. असे पीठ चमचाभर, शिजलेल्या दाट खिरीत ती कोमट असताना घातले की खीर पाहता पाहता सैल होते आणि मग पुन्हा एक उकळी देऊन ती मुलाला भरविता येते. म्हणजे त्याच वाटीत दुप्पट धान्य मावू शकते आणि मुलाला ते सहज गिळता येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात या पिठावर शास्त्रीय काम केले. कोकणातल्या आज्यांना मोडाची नाचणी त्याआधीपासून ठाऊक होती, एवढे मात्र येथे नमूद करावयास हवे.

काय द्यावे याइतकेच कसे द्यावे यालाही महत्त्व आहे. लहान पोटाला दोन जेवणे पुरत नाहीत. तीन जेवणे आणि मध्ये दोन वेळा खाणे असावे. मुलाची वाटी वेगळी असावी, म्हणजे किती खाल्ले ते कळते. बळजबरीने कोंबलेला घास दुसऱ्या दिवशीची भूकही घालवितो. आजारातून उठलेल्या मुलाला पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे, कारण गमावलेले वजन भरून निघण्याची हीच वेळ असते. जुलाबात क्षारसंजीवनीबरोबर जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. जुलाब थांबताच त्या थांबवू नयेत. आणि जेवणापूर्वी तासभर चहा-बिस्किट किंवा पाच रुपयांचे कुरकुरीत पुडके देऊ नये. दुकानासमोर रडणाऱ्या नातवाला गप्प करण्याचा आजोबांना तो सोपा मार्ग वाटतो, पण दुपारची भूक त्या पुडक्यातच संपलेली असते.

एवढे करूनही वजन वाढत नसेल तर कारण शोधावयाचे. जंतांचा संशय पहिला. २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी शिक्षकांनी ठेवावी; नंतरच्या फेरीत त्यांना गोळी देता येते. दुसरा संशय रक्तक्षयाचा. तिसरा क्षयाचा, आणि तो मोठ्यांच्या बाबतीत अधिक. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा कणकण ताप, मंदावलेली भूक आणि सैल होत चाललेले कपडे ही लक्षणे एकत्र दिसली की थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. घरात क्षयाचा रुग्ण असेल आणि मूल अंग धरीत नसेल तर त्या मुलाचीही तपासणी व्हावयास हवी. क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारे साहाय्य १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा पाचशेऐवजी हजार रुपये झाले आहे. ते मिळते की नाही हे पाहणे ग्रामपंचायत सदस्याला सहज शक्य आहे.

आता बाटलीविषयी. भूक वाढविणारी म्हणून दिली जाणारी काही औषधे मुळात अॅलर्जीवरची आहेत. त्यांनी गुंगी येते, घेईपर्यंत भूक थोडी वाढते आणि बंद केली की बहुधा पूर्ववत होते. याच जातीच्या बुक्लिझिन या औषधाला भूक वाढविण्यासाठी मिळालेल्या मंजुरीवर २०१२ साली संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ताशेरे ओढले होते. याहून घातक प्रकार स्टिरॉइडच्या गोळ्यांचा. त्यांनी चेहरा भरल्यासारखा दिसतो आणि वजनकाटाही पुढे सरकतो; पण ते बळ नसते. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि दबलेला क्षय उफाळून येऊ शकतो. लग्न ठरण्यापूर्वी मुलीचे वजन वाढावे म्हणून अशा पुड्यांच्या मागे लागणाऱ्या पालकांना हे स्पष्ट सांगावयास हवे. आले-सैंधव, ओवा, सोलकढी यांनी तोंडाला चव येते आणि त्यांत वावगे काही नाही. पण चव आल्यावर पुढे ताट असले पाहिजे.

तरुणांच्या बाबतीत प्रथम पाहावयाचे ते वजन खरोखर कमी आहे काय. एक मीटर साठ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन साडेसत्तेचाळीस किलोच्या खाली असेल तर ते कमी समजावे; त्यावर असेल आणि प्रकृती ठीक असेल तर सडपातळ असणे हा दोष नाही. तंबाखू आणि मिश्रीने भूक मरते, हे येथे विसरता कामा नये. वृद्धांची गोष्ट निराळी. दात नसतात, औषधांनी तोंड कडू होते, आणि मुले मुंबईला असल्यामुळे एका माणसासाठी चूल पेटविण्याचा कंटाळा येतो. अशा वेळी शेजारच्या घरातली माशाची आमटी आणि सोबत बसणारे माणूस यांचा जेवढा उपयोग होतो, तेवढा शक्तिवर्धक भुकटीचा होत नाही.

शासनाची यंत्रणा गावात आहेच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना आज प्रत्येक गावापर्यंत पोहोचली आहे. तिच्या २०२३ पूर्वीच्या निकषांनुसार अंगणवाडीतल्या मुलाला दिवसाला ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावयाची असत; तीव्र कमी वजनाच्या मुलाला ८०० उष्मांक. परंतु हा आहार घरच्या जेवणाला पूरक आहे, पर्याय नव्हे. घरी नेण्याचे पाकीट सगळ्या कुटुंबात वाटले जाते काय, हे विचारण्याचा संकोच करू नये.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून अंगणवाडीचा वजनकाटा दुरुस्त करून घेता येईल, दंडघेर मोजण्याच्या पट्ट्या आहेत की नाहीत ते पाहता येईल. मासिक वजनाच्या दिवशी एका सदस्याने तेथे तासभर बसावे आणि वाढीच्या तक्त्यावरील रेघ वर जाते की आडवी पडली आहे, एवढेच पाहावे. जिची रेघ दोन महिने आडवी आहे त्या मुलाच्या घरी आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडीसेविका यांनी जेवणाच्या वेळी जावे, वाटीत काय आहे ते पाहावे, आणि मूल खातच नसेल तर त्याच आठवड्यात त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तोंडवलीसारख्या खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये अडकलेल्या वस्तीत त्यासाठी वाहनाची सोय आधी करून ठेवावी लागते. पावसाळ्यात तर विशेषच.