एकिनेशिया : जुनी मुळी आणि नवी बाटली

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘रोगप्रतिकारशक्ती आणि बाजार’ हा आजचा विषय फार व्यापक आहे. म्हणून मी त्यातील एकच वनस्पती निवडली आहे. तिचे नाव एकिनेशिया. अमेरिकेत लेक-जावई असलेल्या घरांतून हे नाव आता अपरिचित राहिलेले नाही. सर्दी-पडशावर ‘अगदी नैसर्गिक’ म्हणून तिच्या गोळ्यांची बाटली सामानातून येते आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना दिली जाते. नैसर्गिक आहे, मग अपाय तो काय होणार, अशी आपली समजूत असते. या समजुतीविषयीच मला आज बोलायचे आहे.

गवताळ प्रदेशातील मुळी

एकिनेशिया ही उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील वनस्पती. सूर्यफूल, शेवंती आणि झेंडू यांच्याच कुळातली. जांभळट पाकळ्यांच्या मधोमध काटेरी उंचवटा असतो. म्हणूनच साळूसारख्या काटेरी प्राण्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून तिचे नाव पडले. लाकोटा, पॉनी, ओमाहा, शायेन या तेथील मूळ रहिवासी समाजांना तिचे मूळ परिचित होते. दातदुखी, घसादुखी, भाजणे, सर्पदंश यांवर ते वापरले जाई. मेल्विन गिलमोर या अभ्यासकाने १९१९ साली या उपयोगांची नोंद प्रसिद्ध केली. या मुळीने तोंड बधिर करून जळता निखारा तोंडात धरून दाखवणाऱ्या एका विनेबागो माणसाचीही त्यात नोंद आहे. आपल्या वैद्यकातील अक्कलकारा चघळला की जीभ अशीच चुणचुणते. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत आणि चुणचुण आणणारे घटकही एकाच जातीचे आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या समाजांनी ही मुळी ठरावीक दुखण्यासाठी, ठरावीक वेळी वापरली. निरोगी माणसाने रोज सकाळी एक गोळी घ्यावी, ही कल्पना त्या परंपरेतील नव्हे. ती बाजाराने आणली.

दुकानात आलेली वनस्पती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेब्रास्कातील एच. सी. एफ. मेयर याने या मुळीपासून ‘रक्तशुद्धी’चे औषध बनवून विकायला सुरुवात केली. त्याचा आत्मविश्वास इतका की, रॅटलस्नेक या विषारी सापाचा दंश करून घेऊन औषध सिद्ध करून दाखवतो, असे त्याने सिनसिनाटीच्या जॉन किंग आणि जॉन युरी लॉइड या तज्ज्ञांना कळवले. त्यांनी ते आव्हान स्वीकारले नाही. पण १८८७च्या सुमारास किंग यांनी या मुळीविषयी लिहिले आणि पुढे लॉइड बंधूंच्या कंपनीने तिचा अर्क देशभर पोहोचवला. १९०९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध परिषदेने भरवशाचा पुरावा नसल्याचे सांगून ती विचारार्ह नसल्याचा निर्णय दिला. विसाव्या शतकाच्या तिसाव्या दशकात गेरहार्ड माडाउस यांनी तिला जर्मनीत नेले. तेथे मात्र मूळ मागे पडले आणि ‘परप्युरिया’ या दुसऱ्याच जातीच्या ताज्या, फुलोऱ्यातील झाडाचा रस वापरात आला.

म्हणजे जात बदलली, भाग बदलला, कृती बदलली. नाव तेवढे तेच राहिले. आज अँगुस्टिफोलिया, परप्युरिया आणि पॅलिडा अशा तीन जाती एकाच नावाने विकल्या जातात. अमेरिकेत १९९४च्या कायद्याने अशा पूरक पदार्थांना बाजारात येण्यापूर्वी गुण सिद्ध करण्याची अट ठेवली नाही. परिणाम काय झाला? डेन्व्हर शहरातील दुकानांतून घेतलेल्या ५९ उत्पादनांच्या तपासणीचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ६ बाटल्यांत एकिनेशिया आढळलीच नाही आणि लेबलवर लिहिलेली जात आत असल्याचे जेमतेम निम्म्या बाटल्यांत दिसले.

कसोटीवर काय दिसले?

आता गुणाकडे वळू. अमेरिकेत २ ते ११ वर्षांच्या ४०७ मुलांवर झालेल्या अभ्यासात (२००३) सर्दीच्या ७०७ प्रसंगांची नोंद झाली. काही मुलांना एकिनेशिया, तर काहींना औषध नसलेले पण तसेच दिसणारे द्रव्य दिले. दोन्ही गटांत सर्दी साधारण ९ दिवस टिकली. मात्र अंगावर पुरळ येण्याचे प्रमाण एकिनेशियाच्या गटात ७.१ टक्के, तर दुसऱ्या गटात २.७ टक्के होते. २००५ साली व्हर्जिनियात स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून अँगुस्टिफोलियाचे तीन अर्क तपासले. उपयोग दिसला नाही. २०१४ साली २४ चाचण्यांतील ४,६३१ जणांच्या नोंदी एकत्र पाहण्यात आल्या. सर्दी बरी करण्यात लाभ सिद्ध झाला नाही. सर्दी टाळण्याच्या बाबतीत मात्र १० ते २० टक्क्यांचा अल्प लाभ संभवतो, इतकेच दिसले. अगदीच शून्य नव्हे. पण जाहिरातीतील कवचकुंडलेही नव्हेत.

सावधगिरी कोणी बाळगावी?

रोगप्रतिकारशक्ती ही काही पाण्याची टाकी नव्हे, की जितकी भरावी तितकी चांगली. ऱ्हुमॅटॉइड संधिवात किंवा ल्युपस यांसारख्या विकारांत हीच शक्ती स्वतःच्या शरीरावर उलटते. अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते. म्हणूनच अशा रुग्णांनी एकिनेशिया घेऊ नये, १२ वर्षांखालील मुलांना ती देऊ नये आणि १० दिवसांहून अधिक काळ घेऊ नये, असे युरोपातील औषध नियामकांचे मार्गदर्शन आहे. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांनीही ती टाळावी.

आपल्यासाठी धडा

ही केवळ अमेरिकेची कथा आहे, असे समजून आपण घरी जाऊ नये. २०२० साली कोरोनाच्या काळात आपल्याकडे गुळवेलीचे काढे घरोघरी, महिनोन् महिने घेतले गेले. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अहवाल आला. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत होऊ शकते, अशी भूमिका आयुष मंत्रालयाने घेतली. वाद काहीही असो. दोन्ही बाजूंतून निष्कर्ष एकच निघतो. वेल नक्की कोणती, मात्रा किती, किती दिवस आणि रुग्णाची प्रकृती कोणती, हे जाणकाराने ठरवल्यावाचून काढा घेणे धोक्याचे आहे. आणि देश, काल, प्रकृती, मात्रा पाहूनच औषध द्यावे, ही तर आयुर्वेदाचीच शिकवण! ती बाजूला सारून ‘सर्वांना रोज एक गोळी’ देणे हा आयुर्वेदाचा अभिमान नव्हे, त्याचा विसर आहे.

हळदीचे उदाहरण आठवा. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हा विजय घोषणांचा नव्हता, लेखी पुराव्याचा होता. लाकोटा किंवा पॉनी जाणकारांपाशी असे ग्रंथ नव्हते. आज त्या बाटलीवर कंपनीचे नाव असते, त्यांचे नसते. आपल्यापाशी ग्रंथ आहेत, वैद्य आहेत, प्रयोगशाळाही आहेत. मग आपल्या वनौषधी कसोटीला लावण्यात आपणच पुढे का असू नये? जे सोने आहे, त्याला मुशीची भीती कशाला?

तेव्हा आपणा सर्वांना माझी विनंती एवढीच. बाटली परदेशातून आलेली असो वा काढा परसातील वेलीचा असो, आपल्या डॉक्टरांना आणि वैद्यांना तो घेत असल्याचे सांगा. आजोबांच्या संधिवाताच्या गोळ्यांशेजारी ती बाटली ठेवण्यापूर्वी एकदा विचारा. सर्दी आठवड्या-दहा दिवसांत बरी होते. यकृताला झालेली इजा इतक्या सहज बरी होईलच असे नाही.